एका मात्रेची केस

“आरोपी स्वतःला बाई समजतो काय हो?” दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहत विचारलं.

“पोलिसांच्या कागदात तसं आहे, साहेब.”

“कागदात आहे ना? मग समजत असणार. दहा दिवस ऑब्झर्वेशनला ठेवा आणि रिपोर्ट द्या. तुम्ही सायकॉलॉजी केलीय म्हणे.”

मी सायकॉलॉजी केली होती म्हणजे काय, तर डॉक्टर झाल्यावर एका वेड्यांच्या इस्पितळात तीन महिने उमेदवारी केली होती. त्यातला एक महिना मला कांजिण्या झाल्या होत्या. पण बदलीच्या कागदावर ‘मानसोपचाराचा अनुभव’ असं टाइप झालं होतं, आणि सरकारी नोकरीत एकदा टाइप झालं की ते खरं.

विदर्भ नुकताच मुंबई राज्याला जोडला गेला होता. बदल्यांचं वारं सुटलं होतं. त्या वाऱ्यानं मी साताऱ्याकडून उडालो आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात येऊन पडलो. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण चूक दवाखान्याची नव्हती, माझी होती. आणि माझं नाव तर मी मुळीच लिहिणार नाही.

तर आरोपी. नाव थावरा. वय अठराच्या आसपास. बोरी अरबच्या पलीकडे टेकड्यांत बंजाऱ्यांचा एक तांडा होता, तिथला. गुरं राखायचा. आरोप असा की आठवडी बाजारात एका व्यापाऱ्याची गाय सोडून तो चालू लागला. व्यापाऱ्यानं आरडाओरडा केला, लोकांनी धरला, पोलिसांनी नेला. पोलिसांच्या कागदातला मजकूर मला अजून पाठ आहे:

‘गाय कोणाची, असे विचारले असता आरोपी “मार, येडी रं” असे पुन्हा पुन्हा म्हणाला. सबब आपण येडी आहोत व आपणांस मारावे, असे त्याचे म्हणणे दिसते. आरोपी पुरुष असून स्वतःस स्त्रीलिंगी संबोधतो.’

त्याच्या पाठीवरचे वळ पाहता त्याचं निम्मं म्हणणं तरी तिथं मान्य झालेलं दिसत होतं.

इथं कायदा थोडा सांगायला हवा. फौजदारी कायद्यात अशी सोय होती की आरोपीचं डोकं ठिकाणावर नाही असं मॅजिस्ट्रेटला वाटलं, तर त्यानं खटला थांबवायचा आणि आरोपीला डॉक्टरकडे पाठवायचं. डॉक्टरनं काही दिवस नजरेखाली ठेवायचं, यालाच ऑब्झर्वेशन म्हणतात. डॉक्टर म्हणाला शहाणा, तर खटला पुढे चालू. म्हणाला वेडा, तर खटला तिथंच गोठवायचा. मग आरोपीला एक तर शहाण्या नातेवाइकाच्या हमीवर घरी सोडायचं, नाहीतर नागपूरच्या पागलखान्यात धाडायचं, बरा होईपर्यंत. गाय चोरली म्हणून थावरा फार तर काही महिने आत गेला असता. पण चोरीला मुदत असते, वेडाला नसते. नागपूरला गेलेला माणूस परत कधी येईल हे कोणी सांगू शकत नसे. ते सगळं माझ्या एका सहीवर होतं, आणि मला त्या वेळी, खरं सांगतो, सहीची घाई होती. पहिलीच मानसिक केस होती माझी.

थावरा खाटेवर बसत नसे. खाटेखाली बसे. पांढरा कोट दिसला की डोकं दोन्ही हातांनी झाकून घेई. मी लिहिलं, ‘भ्रामक भीती’.

मोठ्या साहेबांनी मुंबईहून एक टेस्ट मागवून घेतली होती. बुद्धी मोजायची टेस्ट. एका पेटीत चित्रं, शब्दांची यादी आणि उत्तरसूची, म्हणजे बरोबर उत्तर कोणतं ते सांगणारं पुस्तक. सगळं इंग्रजीत. मी रात्र न् दिवस एक करून ते मराठीत उतरवलं. कसलं मराठी? साताऱ्याच्या हायस्कुलातलं. थावराला वऱ्हाडी समजे, बोलताही मोडकंतोडकं येई, पण घाबरला की तोंडातून घरचीच भाषा निघे. माझं ‘उपरोक्त वस्तूंतील साम्य विशद कर’ ऐकून तर शहाण्यालाही घाम फुटला असता.

सुरुवात शब्दांनी करायची होती. मी शब्द सांगायचा, त्यानं अर्थ.

“आई म्हणजे कोण?”

पोरगा पहिल्यांदाच खाटेखालून वर बघायला लागला.

“याडी,” तो म्हणाला. मी ऐकलं ‘येडी’.

“आई येडी?”

“याडी,” त्यानं मान हलवली, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी लिहिलं: ‘आईविषयी तीव्र द्वेष. तिला वेडी म्हणतो. त्याच वेळी रडतो. भावनांत विसंगती.’ लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं. मला ते फार छान वाटलं.

मग चित्रं. चित्रात काहीतरी उणं असतं, ते दाखवायचं. एका चित्रात बैलगाडी होती. गाडीचं एक चाक चितारलंच नव्हतं, तेच उणं. थावरा त्या चित्राकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्यानं बोट ठेवलं ते जुवावर. जू उलटं लावलंय. मग डाव्या बैलाच्या नाकावर बोट ठेवलं. वेसण नाही. मग गाडीवानाच्या हातावर. कासरा एकच, बैल दोन.

“बैल पडन,” तो म्हणाला. “मानूसबी मरन.”

“आणि चाक?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, त्या नजरेचा अर्थ मला आज कळतो. जू उलटं आहे तिथं चाकाचं काय घेऊन बसलास, असा तो होता. उत्तरसूचीत ‘चाक’ एवढंच होतं. मी शून्य दिलं. त्याच्या बापजाद्यांनी पिढ्यान्पिढ्या बैलांवर माल लादून मुलूख पालथे घातले होते, आणि ते चित्र काढणाऱ्यानं बैल कधी जवळून पाहिला नसावा. पण मार्क देणारा मी होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मारोती आला. मारोती आमचा वॉर्डातला शिपाई, राळेगावकडचा. चाळिशीचा, शांत, आणि विचारलं तेवढंच बोलणारा.

“साहेब, फाटकाशी एक बाई येऊन बसली हाये. उठूनच नाई राह्यली.”

“कोण आहे?”

“थ्या पोराची याडी हाये.”

माझे कान टवकारले. तिथल्या लोकांशी तिथल्याच बोलीत बोलायची मला तेव्हा नवी नवी हौस होती. मी म्हटलं, “येडी? नक्की?”

“नक्की मंजे? तोंडावरूनच दिसते न साहेब. डोये पाहा, नाक पाहा. याडीच हाये.”

“कधीपासून?”

मारोती जरा गोंधळला. “कधीपासून मंजे... पोरगा झाला तवापासूनच असन न साहेब.”

आता वाचकांना सांगतो, बाळंतपणानंतर काही बायकांना वेडाचा झटका येतो. तो खरा आजार आहे, पुस्तकात त्याच्यावर एक अख्खं प्रकरण आहे, आणि ते मी नुकतंच वाचलेलं होतं. मी नवा कागद घेतला. मी लिहिलं: ‘आईचे वेड बाळंतपणापासून. आनुवंशिकता स्पष्ट.’

“त्यांच्या घरात आणखी कोणी आहे का, येडी?”

“एकच रायते साहेब.” मारोती मला समजावत म्हणाला, “सगळ्याइच्याच घरी एक रायते. तुमच्याबी घरी असन.”

मी त्याचा उद्धटपणा मनातल्या मनात माफ केला.

“बरं, नाव विचार तिला.”

फाटक माझ्या खिडकीसमोरच होतं. मारोती तिथं जाऊन बोलला आणि तिथूनच ओरडला, “हासली, साहेब!”

“का हसली?”

“नाई नाई, हासली मनते!”

वऱ्हाडात ‘हसली’ला ‘हासली’ म्हणतात हे मला आठवड्यापूर्वीच कळलं होतं, आणि आपल्याला ते कळतं याचा अभिमान होता. मी लिहिलं: ‘नाव विचारले असता हसली.’ अकारण हसणं हेही एक लक्षण आहे.

“आणि थे मनते का गाय मायी हाये,” मारोतीनं शेवटचं सांगितलं.

झालं. पोरगा गायीपायी धरलेला, आणि आता आईही म्हणते गाय माझी. एकाचं वेड दुसऱ्याला लागतं, दोघांच्या डोक्यात एकच भ्रम बसतो, हे फार दुर्मीळ. मोठमोठ्या डॉक्टरांना जन्मात दिसत नाही. मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, फाटकाशी, चालत आलेलं मिळालं होतं. दोन माणसं एकच गोष्ट सांगतात याचा आणखी एक साधा अर्थ होऊ शकतो, तो म्हणजे ती गोष्ट खरी असते. तो माझ्या पुस्तकात नव्हता.

मी धावतच मोठ्या साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, “बायकांच्या वॉर्डात एक खाट रिकामी आहे. तिलाही घ्या ऑब्झर्वेशनला.”

बाई आनंदानं आत आली. पोराच्या जवळ राहायला मिळणार होतं तिला. पोराला भाकरी भरवली, त्याच्या पाठीवरनं हात फिरवला, आणि तो खाटेखालून निघून खाटेवर बसला. मी लिहिलं: ‘दोघे एकत्र आल्यावर लक्षणे कमी भासतात. भ्रमास परस्परांचा आधार.’

दवाखान्याचं एक मोठं रजिस्टर होतं. बाईच्या पानावर ‘नाव विचारले असता हसली’ हे मी आधी उतरवलं. त्याखाली एक रकाना असे, ‘रोग्याचे स्वतःचे म्हणणे’. आमच्या धंद्यातला नियम आहे की तिथं रोग्याचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, आपली अक्कल चालवायची नाही. मी बाईला स्वतः विचारलं, “तू कोण?” ती छातीवर हात ठेवून ठणकावून म्हणाली, आणि मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: ‘येडी’.

दहाव्या दिवशी रिपोर्ट गेला. आरोपी अनसाउंड माइंडचा, म्हणजे वेडा. आई वेडी, त्यामुळे तिच्या हमीवर सोडता येणार नाही. नागपूरला पाठवावे. सही माझी, त्यावर सही मोठ्या साहेबांची. रिपोर्ट आणि थावरा, दोघंही एकाच पोलिसाबरोबर कोर्टाकडे रवाना झाले. कोर्ट दुसऱ्या दिवशी हुकूम करणार होतं. मोठ्या साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

त्याच दुपारी बाळंतिणींच्या खोलीत मला बोलावणं आलं. तांड्यावरचीच एक पोरगी, पहिलटकरीण, मूल आडवं. मी आणि सिस्टर कमलाबाई घामाघूम झालो होतो. पोरगी ओरडत होती, “याडी ए! ए याडी!”

शेजारच्या वॉर्डातून आमची ऑब्झर्वेशनची बाई उठली, कोणाला न विचारता आत आली, आणि त्या पोरीचा हात धरून उशाशी बसली.

मी म्हटलं, “सिस्टर, ही त्या येडीलाच का बोलावतेय? हिची ओळख आहे का?”

“येडी?” कमलाबाईंनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. “कोनी येडीबिडी नाई डॉक्टर. ‘आई गं’ मनून राह्यली थे. यायच्या बोलीत आईले याडी मनते.”

मूल सुखरूप झालं. मुलगी होती. पण त्यानंतर काय काय केलं ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की हातमोजे न काढताच मी व्हरांड्यात येऊन उभा होतो. तोवर शेकडो बायका माझ्यासमोर अडल्या होत्या, आणि त्या सगळ्या ‘आई गं’च ओरडल्या होत्या. दुसरं कोणी काही ओरडतच नाही.

मी मारोतीला हाक मारली. “मारोती, याडी म्हणजे आई?”

“हो साहेब. तांड्यातल्या मायले इकडं सगळेच याडी मनते.”

“आणि ‘मार’ म्हणजे?”

“मार मंजे माया. मायी. आपलं मनाचं.”

“मग ‘मार याडीर’?”

“माया मायची.” माझ्या आईची. मारोतीला यात काही विशेष वाटलं नाही. “मंजे कोनती वस्तू असन तं, थे माया मायची हाये असं.”

मी खिशातून पोलिसांच्या कागदाची नक्कल काढली. गाय कोणाची, असे विचारले असता. उत्तर पहिल्याच दिवशी दिलेलं होतं. सरळ, पूर्ण, आणि पुन्हा पुन्हा.

“अरे, मग तू मला बोलला का नाहीस?”

“सांगतलं न साहेब, पह्यल्याच दिशी. याडी हाये मनून. तुमी लिहूनबी घेतलं.” मग तो म्हणाला, “मले वाटलं डाक्टरीत तसंच इचाराचं असन, का कधीपासून हाये.”

मी मोठ्या साहेबांच्या खोलीत शिरलो. ते चहा पीत होते.

“साहेब, आपला रिपोर्ट चुकला.”

“रिपोर्ट चुकत नाही. त्याला आउटवर्ड नंबर पडलाय.”

“पोरगा शहाणा आहे साहेब. त्याची आईही शहाणी आहे. वेडा मी आहे.”

“हे लेखी देऊ नका,” साहेब बशी खाली ठेवत म्हणाले. मग त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “हे बघा, रिपोर्ट मागं घेता येत नाही. पुरवणी रिपोर्ट देता येतो. पण पुरवणीसाठी नवं ऑब्झर्वेशन हवं, ऑब्झर्वेशनसाठी आरोपी हवा, आणि आरोपी तर कोर्टात.”

“मग मी कोर्टात जातो. बाईलाही नेतो.”

“बाई ऑब्झर्वेशनला आहे. तिला बाहेर सोडायचं तर नातेवाइकाची सही लागेल. शहाण्या नातेवाइकाची.”

“तिला एकच नातेवाईक आहे, साहेब. तो उद्या नागपूरला चाललाय.”

“अडचण आहे खरी,” साहेब म्हणाले, आणि त्यांनी उरलेला चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मारोतीला घेऊन लहान रुळांच्या गाडीत बसलो. निघताना हासलीबाई वॉर्डाच्या दारात उभी होती. पोरगा कुठं नेला, एवढंच तिनं विचारलं. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. मला लाज वाटली, सरळ सांगतो. ती गाडी इतकी हळू जाई की माणसं उतरून शेतातली बोरं वेचून पुन्हा चढत. त्या दिवशी मला ती बोरं वेचणारी माणसं शत्रू वाटत होती.

पोहोचलो तेव्हा थावरा कोर्टाच्या कोपऱ्यात बेड्या घालून उभा होता. मॅजिस्ट्रेट नाशिककडचे, नवे, सज्जन गृहस्थ. हुकूम लिहायला पेन उघडलेलं. मी उभा राहून माझं म्हणणं सांगितलं.

“पण डॉक्टर, तुमचाच रिपोर्ट आहे की हा वेडा आहे.”

“चुकला साहेब. त्याला एक प्रश्न विचारा, म्हणजे कळेल.”

“वेड्याचा जबाब घेता येत नाही.”

“तो वेडा नाही.”

“ते ठरवायला तुमचा रिपोर्ट लागतो. आणि तुमच्या रिपोर्टात तो वेडा आहे.”

सरकारी वकील उठले. त्यांना मजा वाटत होती. “डॉक्टर, काल तुम्ही सहीनिशी लिहिलंत वेडा. आज म्हणता शहाणा. तुमची स्वतःची अशी कधी तपासणी झालीय का?”

सगळं कोर्ट हसलं. मलाही काय सुचलं कोण जाणे. मी म्हटलं, “साहेब, मग आरोपीला विचारू नका. इथं हजर असलेल्यांना विचारा. याडी म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्यानं हात वर करावा.”

मॅजिस्ट्रेट नको म्हणायच्या आत हात वर गेले. दाराशी उभ्या चपराशाचा. पाणी देणाऱ्याचा. बाहेर खिडकीला लटकलेल्या सगळ्या पक्षकारांचे. थावराची बेडी धरून उभ्या असलेल्या स्थानिक शिपायाचासुद्धा, त्यामुळे थावराचाही हात बेडीसकट वर ओढला गेला. खाली राहिले ते चौघांचेच हात: मॅजिस्ट्रेट, सरकारी वकील, कारकून, आणि पोलिसांचा तो कागद लिहिणारा, कोकणातून बदलून आलेला हेडकॉन्स्टेबल. या केसमध्ये ज्याच्या ज्याच्या हातात पेन होतं, तो तो बाहेरून आलेला होता. मला धरून.

मॅजिस्ट्रेटनी चपराशाला विचारलं, “याडी म्हणजे काय रे?”

“आई, साहेब.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीस?”

“इचारल्याबिगर कोर्टात बोलाचं नाई, अशी पाटी हाये न साहेब.” त्यानं पाटी दाखवली. पाटी होती.

मॅजिस्ट्रेटनी पेन मिटलं. थावराकडे वळून ते माझ्यापेक्षा कितीतरी सोप्या भाषेत म्हणाले, “गाय कोणाची?”

थावरानं आधी हेडकॉन्स्टेबलच्या काठीकडे पाहिलं. मग बेड्यांसकट दोन्ही हात उचलून डोकं झाकून घेतलं. मागच्या वेळी हे उत्तर दिल्यावर काय झालं, ते त्याच्या ध्यानात होतं. तसंच डोकं झाकून तो हळू आवाजात म्हणाला, “मार याडीर.”

कोर्टात कोणी हसलं नाही. मी दहा दिवस ज्याला भ्रामक भीती म्हणत होतो ती ही. त्यात भ्रामक काय होतं?

मॅजिस्ट्रेटनी नागपूरचा हुकूम थांबवला. आरोपी प्रश्न समजून उत्तर देतो, असं स्वतःच्या हातानं लिहिलं. बेड्या काढायला लावल्या. गाय खरंच आईची असेल तर चोरीच उरत नाही, तेव्हा पुढच्या तारखेला आईची साक्ष घ्यायची ठरली. मी सुटकेचा श्वास सोडतोय तोच ते म्हणाले, “पण डॉक्टर, आई तर तुमच्या रजिस्टरात वेडी आहे. वेडीची साक्ष चालत नाही. आधी ते रजिस्टर निस्तरा, आणि नक्कल पाठवा.”

परत येऊन मी मोठ्या साहेबांपुढं रजिस्टर ठेवलं. त्यांनी पहिल्या पानावरची सूचना वाचून दाखवली. खाडाखोड करू नये. पान फाडू नये. नोंद बदलू नये.

“मग, साहेब?”

साहेब बराच वेळ नियम वाचत होते. सगळ्यात तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: शुद्धलेखनाची दुरुस्ती सहीनिशी करता येईल.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

‘रोग्याचे स्वतःचे म्हणणे: येडी’. मी ‘ये’वरची मात्रा खोडली, पुढे एक काना दिला. ‘याडी’. तारीख, सही. रोग्याचे शब्द जसेच्या तसे, नियमाला धरून. मग वरची ओळ. ‘नाव विचारले असता हसली.’ तिथं ‘ह’ला एक काना दिला. ‘नाव विचारले असता हासली.’ तारीख, सही. बाईला नाव मिळालं आणि ती शहाणीही झाली, दोन काने खर्चून.

मोठे साहेब उभ्या नोकरीत एकदाच विनोद करताना मी पाहिले, तो त्या दिवशी. म्हणाले, “मात्रा देऊन रोगी बरा झालेला ऐकला होता. मात्रा काढून बरा झालेला पहिलाच.”

तारखेला हासलीबाईनं साक्ष दिली. या खेपेस दुभाष्या होता, तोच चपराशी, आणि आता त्याला विचारल्यामुळे तो भरपूर बोलला. गाय दोन महिन्यांपूर्वी चरताना हरवली होती, तांड्याचा नायक आणि निम्मा तांडा ती ओळखायला आला होता. व्यापारी त्या तारखेला आला नाही आणि पुढच्याही नाही. थावरा सुटला, गाय सुटली.

जाताना मायलेक आणि गाय, तिघंही दवाखान्यावरून गेली. थावरानं गाय फाटकाशी उभी केली. माझ्या अंगावर पांढरा कोट होता, पण त्यानं डोकं झाकलं नाही. मी काय घोळ घातला होता ते मारोतीनं बाईला अथपासून इतिपर्यंत सांगितलं, म्हणजे बाळंतपणाचं प्रकरणसुद्धा. ऐकता ऐकता तिनं पदर तोंडाला लावला आणि ती खरंच हसली. ती नोंद मी कुठं केली नाही.

पुढं पंचवीस-तीस वर्षं मी कोर्टासाठी अशा तपासण्या केल्या. खुनाच्या केसमधल्या, पोरासोरांच्या, खऱ्या वेड्यांच्या आणि वेड पांघरलेल्यांच्या. टेस्टही चांगल्या आल्या. पण माझ्या फॉर्मवर सगळ्यात वर मी हातानं एक प्रश्न लिहून ठेवलेला असे: ‘घरी आईला काय म्हणतात?’ एकदा तपासणीला आलेल्या वरिष्ठांनी त्यावर बोट ठेवलं. म्हणाले, “हा प्रश्न तर टेस्टमध्ये नाही. यातून आरोपीचं काय कळतं?”

“आरोपीचं काही नाही, साहेब,” मी म्हटलं. “ती माझी तपासणी आहे.”